शेत पाचांचं, सातबारा कुणाचा?

२१ जानेवारी २०२५ रोजी ऑर्गनवादक गार्थ हडसन गेले. ‘द बँड’ या रॉक गटातल्या मैत्रीबद्दल बोलायला आता पाचांपैकी कुणीच उरलेलं नाही. उरल्या आहेत त्या दोन आत्मकथा. ड्रमर लेव्हॉन हेल्म यांची ‘धिस व्हील्स ऑन फायर’ १९९३ची, तर गिटारवादक रॉबी रॉबर्टसन यांची ‘टेस्टिमनी’ २०१६ची. दुसरी आली तेव्हा हेल्म यांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तिच्यावर बेतलेल्या २०१९च्या माहितीपटानं रॉबर्टसन यांचीच बाजू जगभर पोचवली. पाच भाऊ होते, व्यसनांनी घर मोडलं, अशी ती गोष्ट. मला ती अपुरी वाटते. ही मैत्री कशी तुटली हे समजून घ्यायचं, तर दोन्ही पुस्तकांशेजारी ‘द बँड’च्या रेकॉर्डवरची रचनाकारांची नावं ठेवून वाचायला हवीत.

गायक रॉनी हॉकिन्सच्या साथीला कॅनडातल्या बारमध्ये वाजवणं, मग १९६५-६६मध्ये बॉब डिलनबरोबर झेललेली हुर्यो, यावर दोघांत मोठा वाद नाही. वाद सुरू होतो तो १९६७नंतर, न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट सॉगर्टीजमधल्या एका गुलाबी घराच्या तळघरात एकत्र घडलेल्या संगीतापासून. १९६८च्या पहिल्या अल्बममध्ये अकरा गाणी आहेत. त्यांतल्या चारांवर पियानोवादक रिचर्ड मॅन्युअलचं नाव आहे, रॉबर्टसनचंही चारांवरच. १९६९च्या दुसऱ्या अल्बममध्ये बाराच्या बारा गाण्यांवर रॉबर्टसन, आणि मॅन्युअल फक्त तिनांवर, तोही भागीदार म्हणून. १९७०मध्ये दोन. १९७१च्या ‘कहूट्स’पासून नव्या गाण्यांवर मॅन्युअलचं नाव दिसतच नाही.

यावर रॉबर्टसन यांचं उत्तर साधं आहे: मी रोज लिहायला बसत होतो, बाकीचे बसत नव्हते. ते खोटं नाही. मॅन्युअल दारूत बुडत चालला होता आणि बँड चालवण्याचा भार रॉबर्टसननी उचलला, हे मान्यच करायला हवं. पण कॉपीराइटच्या व्यवहारात ‘लिहिणं’ म्हणजे शब्द आणि चाल, एवढंच धरलं गेलं. ‘चेस्ट फीव्हर’ ऐका. सुरुवातीला हडसन यांचा ऑर्गन एकटाच बाखच्या वळणानं गडगडत येतो आणि मग बाकीचे त्यात उडी घेतात. कानात राहतो तो ऑर्गनच. रचनाकार म्हणून नाव मात्र एकट्या रॉबर्टसनचं. ‘द वेट’च्या ध्रुवपदात आवाज एकामागून एक येऊन एकमेकांवर चढतात; ते वजा केलं तर उरेल ते गाणं चांगलं असेल, पण ‘द बँड’चं नसेल. अमेरिकेच्या दक्षिणेवरच्या गाण्यांत तर कॅनेडियन रॉबर्टसनला तो मुलुख दाखवणारा माणूस आर्कान्सासचा हेल्म होता. हिंदी चित्रपटगीतांच्या सुरावटी सजवणाऱ्या सॅबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांच्या वाट्याला हाच हिशेब आला, म्हणून आपल्याला तो परका वाटू नये.

कुणी म्हणेल, हेल्म यांच्या पुस्तकात कडवटपणा फार आहे. आहेच, काही ठिकाणी ते रॉबर्टसनच्या प्रतिभेवरही अन्याय करतात. पण हा कडवटपणा केवळ मानापमानाचा नव्हता. गाण्याची रॉयल्टी दर वर्षी येत राहते, मैफलीची बिदागी एकदाच मिळते. १९७६च्या ‘द लास्ट वॉल्ट्झ’ या निरोपाच्या मैफलीनंतर रॉबर्टसनना दौऱ्यांवर परतण्याची गरज उरली नाही. बाकीचे १९८३पासून त्याच नावानं पुन्हा गावोगाव वाजवत फिरले. अशाच एका दौऱ्यात, १९८६मध्ये, मॅन्युअलनं फ्लोरिडातल्या मोटेलमध्ये आत्महत्या केली. हेल्म यांना घशाचा कर्करोग झाला, आणि उपचारांची देणी फेडायला त्यांनी वुडस्टॉकच्या आपल्या कोठारात मैफली भरवल्या. रॉबर्टसननी चोरी केली, असं मी म्हणणार नाही. नियम त्यांच्या बाजूचे होते. पण ज्यांना ते आयुष्यभर भाऊ म्हणत राहिले, त्यांच्यासाठी नियमापलीकडे जाऊन नावं वाटून घेणं त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी केलं नाही.