सी मध्ये डेटा अलाइनमेंट: खोडदच्या दुर्बिणीची फाइल वाचताना काय चुकतं?

पुणे-नाशिक हायवेने मंचर सोडून नारायणगावला आलात की तिथून खोडद जवळच आहे. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या एकूण 30 अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जुन्नर-आंबेगावातली शाळकरी मुलं ती पाहायला जातात. आज आपण अँटेना नाही, तर अशा दुर्बिणींचा डेटा ज्या फाइलमध्ये ठेवतात ती फाइल बघणार आहोत. कारण सी शिकणाऱ्याला अलाइनमेंट समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

पल्सारच्या कामात 'सिगप्रॉक' नावाचा फॉरमॅट खूप वापरला जातो. तो डंकन लॉरिमर यांनी तयार केला. त्याच्या हेडरमध्ये आधी शब्दाची लांबी (4 बाइटचा इंट), मग तो शब्द, मग त्याची किंमत, असं एकापाठोपाठ लिहिलेलं असतं. मध्ये एकही रिकामा बाइट नाही. सुरुवातीचा 'हेडर स्टार्ट' हा शब्द 12 अक्षरांचा, म्हणजे 4 + 12 = 16 बाइट. पुढे 'टेलिस्कोप आयडी': 4 + 12 + 4 = 20 (जीएमआरटीचा नंबर 7 आहे). झाले 36. त्यानंतर समजा 'टीसॅम्प' आलं, म्हणजे दर किती सेकंदांनी नमुना घेतला ती वेळ. लांबीचे 4, अक्षरांचे 5. म्हणजे डबल सुरू होतो 45 व्या बाइटवर.

गडबड इथेच आहे. 8 बाइटच्या डबलला 8 ने भाग जाणारा पत्ता हवा असतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो क्रेटने उचलतात. एकाच गिऱ्हाइकाचा माल दोन क्रेटमध्ये विभागला तर दोन्ही उघडावे लागतात. आपल्या डबलचे पहिले 3 बाइट एका क्रेटमध्ये आणि उरलेले 5 पुढच्यात पडले.

नवशिका इथे काय करतो? इंट, पाच कॅरेक्टर आणि डबल असा स्ट्रक्ट बनवतो आणि बफरवर सरळ कास्ट करतो. पण कंपायलर डबलच्या आधी गुपचूप 7 बाइटचं पॅडिंग घालतो. त्यामुळे किंमत 45 ऐवजी 52 पासून वाचली जाते. खऱ्या किमतीचा फक्त शेवटचा एक बाइट हाती लागतो, बाकी कचरा. एरर येत नाही हो! नमुन्याची वेळ चुकली की पल्सारचा आवर्तकाल चुकला, आणि तुम्ही दोन दिवस गणितात चूक शोधत बसता.

मग पॅडिंग टाळून 45 वर डबलचा पॉइंटर लावू, असं कुणी म्हणेल. इंटेलवर ते बहुतेक वेळा चालतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. सी च्या नियमाप्रमाणे हे 'अनडिफाइन्ड बिहेवियर', आणि काही एआरएम प्रोसेसरवर प्रोग्राम तिथेच कोसळतो. इंटेलवरही सुटका नाही. हेडर विषम बाइटवर संपलं आणि त्यापुढचे 16 बिटचे नमुने फाइल मेमरीत मॅप करून थेट वाचले, की ऑप्टिमायझेशन वाढवल्यावर कंपायलर अलाइन्ड व्हेक्टर सूचना वापरू शकतो. मग कालपर्यंत चालणारा कोड आज सेगमेंटेशन फॉल्ट देतो.

उपाय अगदी साधा आहे. एक लोकल डबल घ्या आणि 'मेमकॉपी'ने बफरच्या 45 व्या बाइटपासून 8 बाइट त्यात कॉपी करा. स्पीडची काळजी नको. इंटेलवर कंपायलर त्याची बहुधा एकच सूचना करतो. नमुने 'एफरीड'ने वेगळ्या बफरमध्ये घ्या, कारण 'मॅलॉक'ने मिळालेला पत्ता अलाइन्ड असतो.

'पॅक्ड' अ‍ॅट्रिब्यूटही आहे, पण मला ते फारसं आवडत नाही. पॅक्ड स्ट्रक्टमधल्या मेंबरचा पॉइंटर घेऊन दुसऱ्या फंक्शनला दिलात, की तिथल्या कोडला तो पत्ता वाकडा आहे हे कळत नाही. जीसीसी 9 पासून याची वॉर्निंग येते, ती बंद करू नका. टेस्टिंग करताना अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर चालू ठेवा. चुकीच्या पत्त्यावरून वाचन झालं की तो लाइन नंबरसकट सांगतो.