नाण्यांचा नाद (भाग ११) : पैशांविना लिलाव

मध्यंतरी एका रविवारी रात्री साडेनऊला मी आमच्या गटातला लिलाव बंद केला. दहा वाजून पाच मिनिटांनी फोन आला. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेला आमचा सभासद गेटबाहेर येऊन बोलत होता. आत मोबाइल नेता येत नाही, आणि त्याच्याकडचे नाणे लागलेल्या बोलीपेक्षा सरस होते. पण शब्द दिला होता, तो मोडता आला नाही. चूक माझीच. जिथे इतकी माणसे पाळीने कामाला जातात, तिथल्या लिलावाची वेळ भोंग्याकडे बघून ठरवायची असते, हे मला आधी सुचायला हवे होते. आता आमचा लिलाव रविवारी रात्री अकराला संपतो.

लिलाव हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि तो ऐकला की डोळ्यांपुढे हातोडा आणि पैसाच येतो. आमच्या गटात पैसा नसतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातले, नागपूरचे, पुण्याचे असे आम्ही फोनवर जोडलेलो आहोत. एक जण नाणे मांडतो. बाकीचे आपल्याकडचे डुप्लिकेट नाणे बोली म्हणून पुढे करतात. शिवराईसाठी ही पद्धत फार सोयीची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढाच मजकूर, पण शिवाजी महाराजांनंतरही कितीतरी वर्षे ती वेगवेगळ्या टांकसाळींत पडत राहिली. त्यामुळे अक्षरांची वळणे, ठिपके, चिन्हे यांत अपार फरक. एकाच वळणाच्या पाच शिवराया जवळ असतात आणि हवी ती सहावी दुसऱ्याच्या डब्यात असते.

अडचण इथूनच सुरू होते. पैशांच्या बोलीत पाचशेवर सहाशे चढतात, हे सगळ्यांना दिसते. नाण्यावर नाणे कसे चढणार? निजामाचा रुपया वरचा की झिजलेल्या चार शिवराया? ते फक्त मांडणाऱ्याच्या मनात असते, आणि मनातला क्रम उघड झाला नाही की शेवटी कुणाला तरी वशिला लागल्यासारखे वाटते. आमच्याकडची निम्मी भांडणे याच कारणाची होती. म्हणून आता मांडणाऱ्याने नाण्याबरोबरच आपल्याला काय हवे त्याची यादी, क्रमासकट, आधी लिहायची. यादीतले पहिले नाणे ठरल्या दर्जाचे आले, तर नकार देता येत नाही. यादीबाहेरच्या बोल्याही चालतात, पण रोज रात्री ‘सध्या पुढे कोण’ हे सांगायचे. बोल्या सगळ्यांसमोर लागतात. खासगीत आलेली बोली मी धरत नाही, मग ती कितीही चांगली असो. या एका नियमावर मी कुणाचेच ऐकलेले नाही.

दुसरा घोळ शेवटच्या मिनिटाचा. दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी बोली टाकायची, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरत नाही. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये हे नीट तपासले. ईबेवर लिलाव घड्याळावर बंद होत असे. अ‍ॅमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावात मात्र बोलीविना दहा मिनिटे गेल्याखेरीज तो संपत नसे. शेवटच्या क्षणी झडप घालण्याचे प्रमाण ईबेवर कितीतरी जास्त निघाले. आम्ही दहा मिनिटांचा तो नियम जसाच्या तसा उचलला. कधी कधी मध्यरात्र उलटते. उलटू दे.

नाणे मांडताना फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचे हवेत. ओतीव नकलेच्या कडेवर सांधा दिसतो, अंगावर बारीक छिद्रे दिसतात. वजन सराफी काट्यावरचे, ग्रॅमच्या दशांशापर्यंत. आणि कळकळीची विनंती : चिंच लावून नाणे घासू नका. शेकडो वर्षांत चढलेला तो काळपट थर नाण्याचे अंग आहे. तो गेला की परत येत नाही.

कायद्याचेही भान ठेवा. शंभर वर्षांपलीकडचे नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परदेशी पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. शेतात हंडा सापडला, तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. खबर देण्याचा हा कायदा 1878 पासून आहे. असे हंड्यातले नाणे मी आमच्या गटात येऊ देत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. रायपूरच्या माणसाला नागपूरचे नाणे हवे, नागपूरच्याला पुण्याचे, आणि पुण्याच्याला रायपूरचे. दोघादोघांत सौदा जुळत नाही, पण तिघांनी मिळून नाणी एकेक घर पुढे सरकवली की तिघेही खूश. 1974 मध्ये लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी घरांच्या अदलाबदलीचे उदाहरण घेऊन याचे गणित मांडले. प्रत्येकाने आपल्याला सगळ्यात हवे असलेल्या वस्तूच्या मालकाकडे बोट दाखवायचे. कुठेतरी बोटांचे वर्तुळ तयार होतेच. त्यातली माणसे आपल्याला हवी ती वस्तू घेऊन बाजूला होतात, उरलेले पुन्हा बोट दाखवतात. लिलाव संपला की न लागलेल्या बोल्यांच्या याद्या घेऊन मी वहीत पेन्सिलीने अशी वर्तुळे शोधत बसतो.

वर्तुळात आधी कोण पाठवणार, हा प्रश्न निघतोच. तिघेही आपले नाणे विमा उतरवलेल्या टपालाने माझ्याकडे पाठवतात. तिन्ही पोचली, वजने जुळली, की त्याच दिवशी तिन्ही पुढे रवाना. मागच्या वर्तुळात तो दुसऱ्या पाळीचा सभासद होता. पाकीट न्यायला तो कारखान्यातून थेट माझ्या घरी आला. हात नीट धुऊन, पुसून मगच त्याने ते उघडले, आणि नाणे कडेला धरून दिव्याखाली नेले.