गांजासाठी सह्या

१९९६ साली मी कॅलिफोर्नियात एका किराणा दुकानाबाहेर सह्या गोळा करीत उभी होते. ह्यांची केमोथेरपी चालू होती, वरणभातही पोटात टिकत नसे. मरिनॉलची कॅप्सूल दिली, तर तीही उलटीत पडे.

"वहिनी, गांजासाठी सह्या?" मंडळातले एक भावोजी हबकलेच. (महाशिवरात्रीची भांग मात्र त्यांना चालते!) ह्यांचे वजन किती उतरले ते सांगितल्यावर त्यांनी मुकाट्याने पेन घेतले. पण ते ग्रीनकार्डवाले, आणि सही फक्त नोंदणीकृत मतदाराचीच चाले. आपल्या माणसांच्या कितीतरी सह्या अशाच हुकल्या.

४,३३,२६९ वैध सह्या लागत होत्या. त्या जमल्या, आणि ५ नोव्हेंबरला 'प्रपोझिशन २१५' सुमारे ५५.६ टक्के मतांनी मंजूर झाले. डॉक्टरांची शिफारस असलेल्या रुग्णाला गांजा बाळगण्याची, झाड लावण्याची मुभा मिळाली. त्या हिवाळ्यात ह्यांना चार घास जाऊ लागले.

एक मात्र ध्यानात ठेवा. राज्याची मुभा ही केंद्राची नव्हे. राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा वापर नागरिकत्वाच्या अर्जाआड येऊ शकतो, असे इमिग्रेशन खात्याने २०१९ साली बजावले. ग्रीनकार्डवाल्यांनी डॉक्टरांइतकेच वकिलालाही आधी विचारावे. विमाही सहसा हा खर्च देत नाही. तेवढे पैसे बाजूला ठेवावेत.