पोळपाटावरचा बर्फ आणि ताटातला बर्फ

मुलांशी एक पैज लावून बघा. माठाजवळच्या गार फरशीवर स्टीलचं ताट आणि लाकडी पोळपाट तासभर ठेवा, मग मुलांना दोन्हींवर तळहात टेकवायला सांगा. ताट गारेगार लागेल, पोळपाट तितका लागणार नाही. आता दोन्हींवर बर्फाचा एकेक सारखा खडा ठेवा आणि विचारा, आधी कुठला वितळेल? पोळपाटावरचा, असंच बहुतेक जण म्हणतील. जिंकेल मात्र ताट. गार लागणाऱ्या ताटातला बर्फ बघता बघता विरघळतो आणि पोळपाटावरचा खडा ऐटीत बसून राहतो!

यात जादू काही नाही. दोन्ही वस्तू तितक्याच गार होत्या. स्टीलमधून उष्णता झपाट्याने वाहते, लाकडातून ती रेंगाळत जाते. ताट आपल्या हातातली उष्णता भराभर ओढून घेतं, म्हणून गार लागतं. तितक्याच भराभर ते बर्फाला उष्णता पोचवतं, म्हणून बर्फ लवकर वितळतो. आपली त्वचा तापमान मोजत नाही, उष्णता किती वेगाने येते-जाते ते मोजते. भौतिकशास्त्रातला एवढा मोठा धडा मे महिन्याच्या सुट्टीत, स्वयंपाकघरात फुकट मिळतो.

बर्फ उष्णतेचा भलताच भुकेला असतो. शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं! एवढी उष्णता गिळूनही वितळणारा बर्फ शून्यावरून हलत नाही. सरबताच्या पेल्यात दोनच खडे टाकले तरी सगळं सरबत गार होतं, ते यामुळेच.

ही भूक उघड्यावर पाहायची असेल तर दोऱ्याचा खेळ करा. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या खड्यावर ओला सुती दोरा आडवा ठेवा, वर चिमूटभर मीठ भुरभुरवा आणि मिनिटभर थांबा. दोरा हलकेच उचला, खडा लटकत वर येतो. मीठ लागलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो. वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूलाच ओढून घेतो आणि त्या ओढाताणीत दोऱ्यातलं पाणी गोठून बसतं. बर्फ आणि मिठाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. पॉट आइस्क्रीमच्या लाकडी बादलीत बर्फावर जाडं मीठ ओततात, ते याच कारणासाठी.

गोड्या तेलाने अर्धा भरलेला काचेचा पेला घ्या आणि त्यात रंगीत पाण्याचा बर्फ सोडा. रंगासाठी कोकमाचं आगळ किंवा बिटाचा रस चालेल. बर्फ तेलात जेमतेम तरंगतो, कारण दोघांची घनता जवळजवळ सारखी. वितळलं की मात्र लाल थेंब सावकाश तळाला जातात. तेच पाणी गोठलेलं असताना वर आणि वितळलं की खाली! गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि हलकं होतं. फार थोडे पदार्थ असं करतात.

बर्फाच्या गोळ्यातही असंच नवल दडलंय. गोळेवाला किसलेला बर्फ काडीभोवती दाबतो आणि डिंक नाही, खळ नाही, तरी तो घट्ट धरतो. मायकेल फॅरेडेने १८५० मध्ये हाच प्रश्न हातात घेतला होता. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अगदी पातळ थर असतो आणि दोन तुकडे एकमेकांना टेकले की तो मध्ये सापडून गोठतो, असं त्याने सुचवलं. असा थर खरोखर असतो, हे पुढे सिद्ध झालं. घरी दोन खडे एकमेकांवर दाबून धरा, ते चिकटतील.

शेवटची स्पर्धा बर्फ वाचवायची. एक खडा उघडा ठेवा, एक कागदात गुंडाळा, एक जुन्या लोकरी टोपीत घाला. टोपी बर्फाला ऊब देईल, असं मुलांना वाटेल. प्रत्यक्षात ती बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. लाकडाचा भुसा हेच काम करतो. १८३३ मध्ये बोस्टनहून जहाजात भुशात घालून सुमारे १८० टन बर्फ कोलकात्याकडे निघाला आणि चार महिन्यांनी त्यातला सुमारे १०० टन पोचला. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला.

दोन पथ्यं पाळा. मीठ लावलेला बर्फ हातात धरू देऊ नका, त्वचा भाजल्यासारखी होते. आणि लहानग्यांच्या तोंडात अख्खा खडा जाऊ देऊ नका, तो घशात अडकू शकतो. बाकी एकच करा: उत्तर आधी सांगू नका. मुलांना पैज लावू द्या, हरू द्या आणि मग ‘असं का?’ हे त्यांनाच विचारू द्या.