चुकांचा रकाना

मुलीच्या बाळंतपणासाठी आई अमेरिकेला जाते हे समजू शकते. पण तिच्याबरोबर वडील कशासाठी जातात, याचा उलगडा मला सहा महिने तिथे राहूनही झाला नाही. आमच्या सौभाग्यवतींना पहिल्या दिवसापासून काम होते. डिंकाचे लाडू, बाळाचे तेल-पाणी, जावयांना न दुखावता स्वयंपाकघर ताब्यात घेणे वगैरे. मला विमानतळावर बॅगा उचलून झाल्यावर काहीच उरले नाही. बँकेत बत्तीस वर्षे आणि कादंबऱ्यांत तेवढीच वर्षे घालवलेला माणूस घरात तान्हे मूल आल्यावर किती निरुपयोगी ठरतो, हे माझ्यासारख्या समदुःखी वाचकांना सांगायला नको.

गोष्ट २०१९ ची. मुलगी राहायची ती वॉशिंग्टनला लागून, पोटोमॅक नदीच्या अलीकडे, व्हर्जिनियातल्या अर्लिंग्टन गावात. मार्च संपता संपता आम्ही तिथे पोचलो आणि सप्टेंबर संपता संपता निघालो, कारण पाहुण्याला सहा महिनेच राहता येते. गंमत अशी, की बेसबॉलचा हंगामही नेमका तेवढाच असतो. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, एकेका संघाचे १६२ सामने. क्रिकेटवाल्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. एक बरी संध्याकाळ सोडली तर दुसरी मोकळी सापडत नाही.

इमारतीच्या तळमजल्यावर रहिवाशांसाठी एक खोली होती आणि तिच्यात एक मोठा टीव्ही. बाळ झोपले की मला तिथे पाठवण्यात येई. तिथली मंडळी ठरलेली. एक निवृत्त पोस्टमन, साधारण माझ्याच वयाचे. तरुणपणी एल साल्वादोरहून आलेले एक न्हावी. सामना चालू असताना विणकाम करणाऱ्या एक माजी शिक्षिका. त्यांचे टाके चुकू लागले की आपला संघ अडचणीत आहे हे मान वर न करता समजे. आणि विजयवाड्याचे एक सद्गृहस्थ, माझ्यासारखेच, पत्नीच्या सामानाबरोबर आलेले. त्या देशात पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारतात. मला ते जमेना. म्हणून मी पोस्टमनना ‘पोस्टमास्टर’ म्हणू लागलो. ‘बढतीबद्दल आभारी आहे,’ ते म्हणाले, ‘पण पेन्शन तेवढीच राहणार.’

संघ आमचा वॉशिंग्टन नॅशनल्स. या संघाचा सर्वांत गाजलेला खेळाडू, ब्राइस हार्पर, त्याच महिन्यात १३ वर्षांच्या आणि ३३ कोटी डॉलरच्या कराराने फिलाडेल्फियाला निघून गेला होता. उरलेले हरत होते. २३ मेला ५० सामने झाले तेव्हा हिशेब असा होता : विजय १९, पराभव ३१. व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझ यांना काढा, अशी ओरड सुरू झाली. एखाद्या शाखेचे असे आकडे वर गेले असते तर शाखाधिकाऱ्याची बदली गडचिरोलीला झाली असती. आमच्या खोलीत मात्र कोणी आवाज चढवीत नसे. ‘उद्या आहेच,’ एवढेच न्हावीबुवा म्हणत आणि खुर्च्या जागेवर लावत.

मला पहिले काही दिवस खेळ कळेना. पोस्टमास्टरांनी तिसऱ्या संध्याकाळी माझ्या हाती एक छापील तक्ता आणि पेन्सिल दिली, आणि माझे भाग्य उजळले. बेसबॉलमध्ये प्रेक्षक स्वतः हिशेब लिहितो. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे. चेंडू टाकणारा पिचर १, त्याच्यासमोर बसून झेलणारा कॅचर २, आणि असेच पुढे. सहाने चेंडू उचलून चाराला दिला आणि चाराने तिनाला, की रकान्यात ६-४-३ लिहायचे. एका फटक्यात दोघे बाद. फलंदाज चेंडू हुकवून बाद झाला की ‘के’ हे अक्षर. बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर तेच अक्षर उलटे. या हिशेबाची मूळ मांडणी हेन्री चॅडविक नावाच्या गृहस्थांनी केली. ते जन्माने इंग्रज आणि आधी क्रिकेटचे बातमीदार, हे कळल्यावर मला थोडा धीर आला.

पण मी खरा घायाळ झालो तो सामना संपल्यावर. हा तक्ता जुळवता येतो! एका संघाच्या खात्यावर जेवढे फलंदाज खेळून गेले, त्यांच्यातला प्रत्येक जण धाव काढून घरी आला असला पाहिजे, नाहीतर कुठल्या तरी बेसवर अडकून राहिला असला पाहिजे, नाहीतर बाद झाला असला पाहिजे. चौथी वाट नाही. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली तर लिहिणारा सुटला. एकाचा फरक पडला तर पहिल्या डावापासून शोधायचे. रात्री अकरा वाजता, परक्या देशात, माझी तेरीज जुळली आणि मी एकट्याने टाळी वाजवली. विजयवाड्याचे गृहस्थ स्टेट इलेक्ट्रिसिटी बोर्डात लेखापाल होते. दुसऱ्या दिवशी तेही पेन्सिल घेऊन आले.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. मैदानावरच्या धावफलकावर प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात. धावा, फटके आणि चुका. चुकांचा रकाना! सोपा चेंडू सुटला, फेक वाकडी गेली, की अधिकृत हिशेबनीस वर बसून ठरवतो, ही चूक कोणाची. ती त्या माणसाच्या नावावर कायमची लागते, आणि त्या चुकीमुळे आलेली धाव पिचरच्या खात्यातून वगळली जाते. म्हणजे दोष दुसऱ्याच्या डोक्यावर राहू नये याची व्यवस्था. मी पोस्टमास्टरांना म्हटले, ‘एवढ्या लोकांदेखत लिहिणे बरे दिसत नाही.’ ते म्हणाले, ‘लिहिले नाही तर ती दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावर जाते.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगतो.

१९८७ साली मी एका तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. बाजाराचा दिवस, काउंटरवर झुंबड. एक चेक माझ्यासमोर आला. आकड्यात १०,०००, अक्षरात ‘एक हजार फक्त’. मी अक्षरे वाचलीच नाहीत, सही ठोकली. तेवीस वर्षांच्या कॅशियरने माझी सही पाहून दहा हजार मोजून दिले. पैसे नेणारा पुन्हा दिसला नाही. आम्हा दोघांनाही मेमो आले. मी उत्तर लिहिले : ‘चेक पास झाल्यानंतर आकड्यात फेरफार झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मी तोवर दोन कथा छापून आणल्या होत्या, पण इतके परिणामकारक वाक्य मी त्याआधी लिहिले नव्हते आणि नंतरही लिहिले नाही. त्यात खोटे म्हणून बोट ठेवता येईल असा शब्द नव्हता. माझ्या टेबलापासून त्याच्या खिडकीपर्यंतच्या दहा पावलांवर मी नुसता संशय ठेवला होता. नऊ हजार त्याच्या पगारातून कापले गेले. वर्षभराने माझी बदली झाली.

जूनपासून आमचा संघ जिंकू लागला. का, ते तज्ज्ञ सांगोत. हेरार्दो पारा नावाच्या राखीव खेळाडूने आपल्या दोन वर्षांच्या लेकीला आवडते म्हणून ‘बेबी शार्क’ हे बालगीत स्वतःच्या खेळीआधी वाजवायला सांगितले, आणि चाळीस हजार प्रौढ माणसे माशाच्या जबड्यासारखे हात करून टाळ्या वाजवू लागली. आमच्या नातीने आयुष्यात पहिले ऐकलेले गाणे तेच. आमच्या सौभाग्यवतींच्या अंगाईचा नंबर दुसरा. मॅक्स शेरझरच्या सरावात चेंडू लागून नाकाचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन तो पिचिंगला उभा राहिला आणि जिंकून आला.

३ सप्टेंबरला आम्ही पाचही जण मैदानावर गेलो. अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या काठी, मेट्रोच्या स्टेशनाला लागून ते मैदान आहे. शेवटच्या डावात न्यूयॉर्क मेट्सने पाच धावा काढल्या आणि फलक १०-४ झाला. लोक उठून मेट्रोकडे चालू लागले. मीही पिशवी उचलली. पोस्टमास्टरांनी माझी बाही धरली. ‘मी एकदा शेवट व्हायच्या आधी जागा सोडली होती. तुम्ही बसा.’ पुढच्या पाव-अर्ध्या तासात नॅशनल्सने सात धावा काढल्या. शेवटच्या तीन कर्ट सुझुकीच्या एका टोल्यावर. ११-१०. शिक्षिकाबाईंचे लोकरीचे गुंडे आम्हाला तीन ओळी खाली सापडले.

परतीच्या गाडीत ते बोलले. वॉशिंग्टनचा जुना संघ १९७१ च्या अखेरीस टेक्सासला गेला. ३० सप्टेंबरला त्याचा इथला शेवटचा सामना होता. समोर न्यूयॉर्क यँकीज, वॉशिंग्टन ७-५ ने पुढे, शेवटच्या डावात दोघे बाद, फक्त एक बाद करायचा होता. तेवढ्यात संतापलेले प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात घुसले, बेस उपटले, गवत उपटले. सामना पुढे होईना, आणि नियमाप्रमाणे तो ९-० असा यँकीजना बहाल झाला. त्यानंतर २००५ पर्यंत, ३३ वर्षे, देशाच्या राजधानीला बेसबॉलचा संघ नव्हता. ‘मी पंधरा वर्षांचा होतो,’ पोस्टमास्टर म्हणाले. ‘मीही उडी मारली होती. मूठभर गवत घरी नेले. त्या दिवशी आम्हाला यँकीजनी नाही हरवले.’ त्यांचा त्या दिवसाचा तक्ता अजून त्यांच्याकडे आहे. शेवटचा चौकोन कोरा.

माझ्या गोष्टीला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

आम्ही ठाण्याला परतलो आणि खरा खेळ सुरू झाला. ९३ विजय मिळवून नॅशनल्स बाद फेरीत पोचले होते. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली पहाट. २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुट्टीच्या दिवशी, पावणेसहाच्या सुमारास मी स्वयंपाकघरात मोबाइलवर समालोचन लावून, हाताने रेघा मारलेल्या फुलस्केपवर तक्ता लिहायला बसलो. समोर मिलवॉकी. आठव्या डावात १-३ ने मागे, दोघे बाद, तिन्ही बेसवर आपली माणसे. वीस वर्षांच्या हुआन सोटोने चेंडू उजव्या बाजूला मारला. तिथे उभा होता ट्रेंट ग्रिशम, बावीस वर्षांचा नवखा मुलगा. चेंडू अडवायचा, फेकायचा, एवढेच काम. चेंडू त्याला चकवून मागे गेला. तिघेही धावून घरी आले. ४-३. मिलवॉकीचा हंगाम संपला.

मी ओरडलो असेन, कारण सौभाग्यवती उठून आल्या. मग मी पेन्सिलीने ‘ई-९’ लिहिले. चूक, नऊ नंबरची. नंतर पाहिलेल्या चित्रफितीत तो मुलगा पत्रकारांसमोर उभा होता. चेंडूवर, गवतावर किंवा दिव्यांवर त्याने काही ढकलले नाही. (पुढच्याच वर्षी, सॅन डिएगोकडून खेळताना, उत्तम क्षेत्ररक्षणाचे ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याला मिळाले. ते तेव्हा कोणाला माहीत असणार?)

अंतिम मालिका दिवाळीतच आली. समोर ह्यूस्टन. पहिले दोन सामने आम्ही त्यांच्या मैदानावर जिंकलो, पुढचे तीन आपल्या घरी हरलो. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी ८-१. सौभाग्यवतींनी उटण्याची वाटी माझ्या तक्त्यावर ठेवली. पाडव्याला ७-१. इकडे २४ तारखेला विधानसभेचे निकाल लागून राज्यात सरकार कोणाचे यावर सगळे शेजारी घसा कोरडा करीत होते. माझे तिकडे लक्ष नाही म्हणून माझी प्रकृती विचारून गेले. आम्हा पाचांच्या ग्रुपवर मात्र न्हावीबुवांचा एकच निरोप, ‘उद्या आहेच.’ सहावा सामना ह्यूस्टनला, आम्ही जिंकलो. ३१ ऑक्टोबरच्या सकाळी सातवा. सहा डावांपर्यंत ०-२. सातव्यात अँथनी रेंडॉनने एक चेंडू बाहेर भिरकावला, आणि मग हॉवी केंड्रिकचा टोला उजवीकडच्या खांबावर जाऊन आदळला. आतल्या बाजूला. ६-२. सातही सामने पाहुण्यांनी जिंकले, असे अंतिम मालिकेत तोवर कधी घडले नव्हते. वॉशिंग्टनला १९२४ नंतर पहिले जेतेपद.

पोस्टमास्टरांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांच्याकडे मध्यरात्र उलटली होती. त्यांना बोलता येत नव्हते. त्यांनी कॅमेऱ्यासमोर जुना पिवळा तक्ता धरला, मग आजचा. आजचे सगळे चौकोन भरलेले होते.

त्या कॅशियरचा नंबर मी महिनाभर खिशात बाळगत होतो. पेन्शनर मित्राकडून मिळवलेला. कॉल संपल्याबरोबर लावला. पलीकडे आवाज जाड झालेला. तो विदर्भात शाखाधिकारी होता, शाखा उघडायच्या गडबडीत. मी नाव सांगितले, साल सांगितले. बराच वेळ काही ऐकू आले नाही.

‘चोवीस हप्ते, साहेब,’ तो म्हणाला. ‘तीनशे पंचाहत्तरचे. शेवटचा कापला त्या महिन्यात मुलगी झाली.’

मी म्हटले, चूक माझी होती, मी अक्षरे वाचली नव्हती. पैसे देतो. बँकेला तसे लिहूनही देतो.

‘पैसे नकोत. आणि बँकेत आता कोणाला लिहिणार? ती फाइल सुद्धा उरली नसेल.’ मागे कोणीतरी चाव्या मागत होते. ‘मला लिहा. बायकोला वाचायला देईन. तिला वाटतं, मी काहीतरी लपवलं होतं.’

त्या दुपारी मी पत्र लिहिले. ‘शक्यता’ हा शब्द कुठे येत नाही ना ते पाहिले आणि पोस्टात टाकून आलो.