पुन्हा क्रोक पार्ककडे : मेयोच्या फुटबॉल संघाची कहाणी

आयर्लंडच्या पश्चिमेला, थेट अटलांटिक महासागरावर उघडणारी मेयो नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. गेलिक फुटबॉलच्या अखिल आयर्लंड स्पर्धेत या काउंटीच्या पुरुष संघाने तीन विजेतेपदे मिळवली, १९३६, १९५० आणि १९५१ साली. त्यानंतर एकही नाही. मात्र १९८९ ते २०२१ या काळात हा संघ अकरा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि अकराही वेळा हरला. दक्षिणेकडील केरी काउंटीने जवळपास चाळीस विजेतेपदे जमवली आहेत. तिच्यापुढे मेयोची कामगिरी ठेवली की लोक ‘बिचारा मेयो’ म्हणून मोकळे होतात. मला ही कीव मुळीच मान्य नाही. अंतिम सामना हरण्यासाठी आधी तिथवर पोहोचावे लागते आणि मेयोइतक्या चिकाटीने तिथवर पोहोचलेले संघ फार थोडे आहेत.

गेलिक फुटबॉल हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ आहे. एका बाजूला पंधरा खेळाडू असतात. चेंडू गोल असतो, तो हातात घेता येतो, पण घेऊन चार पावलांपेक्षा जास्त धावता येत नाही. तेवढ्यात तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या चवड्यावरून पुन्हा हातात उडवायचा. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण, दांडीवरून गेला तर एक गुण. गुणफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात, म्हणून २-८ म्हणजे एकूण चौदा. (२०२५ पासून लांबून मारलेल्या फटक्याला दोन गुण देण्याचा नियम आला आहे, पण या लेखातले सगळे सामने त्याआधीचे आहेत.)

खेळाच्या नियमांपेक्षाही संघ कसा बनतो हे कळणे महत्त्वाचे. १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनमध्ये खेळाडूला मानधन नाही. कोणी शिक्षक, कोणी पोलीस, कोणी शेतकरी. नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव करायचा, रविवारी सामना खेळायचा. गावच्या क्लबातून काउंटीच्या संघात निवड होते आणि खेळाडू सहसा आयुष्यभर आपल्याच मातीसाठी खेळतो. पैसे मोजून बाहेरचा आघाडीवीर आणायची सोय इथे नाही. म्हणूनच एखाद्या काउंटीतली माणसे कमी होत गेली की त्याचा परिणाम सरळ मैदानावर दिसतो.

मेयोतली माणसे तर फार मोठ्या संख्येने गेली. १८४१ च्या जनगणनेत इथे सुमारे ३ लाख ८९ हजार लोक होते. त्यानंतर बटाट्याच्या रोगाने आलेला महादुष्काळ, जमीनदारांनी कुळांना घरांतून हुसकावणे, अमेरिका आणि इंग्लंडला निघालेली जहाजे. २०२२ मध्ये लोकसंख्या १ लाख ३८ हजारांच्या आसपास होती. मेयोतल्या स्ट्रेडचा मायकल डेव्हिट लहान असतानाच त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढले गेले. पुढे इंग्लंडमधल्या गिरणीत त्याने एक हात गमावला आणि १८७९ मध्ये परत येऊन मेयोतूनच कुळांची चळवळ उभी केली. जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर गावकऱ्यांनी टाकलेला बहिष्कारही इथलाच, १८८० चा. हाच डेव्हिट गेलिक असोसिएशनच्या पहिल्या आश्रयदात्यांपैकी एक होता. इथे जमीन, स्थलांतर आणि फुटबॉल यांच्या गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एक सांगताना दुसरी येतेच.

गेलेल्यांची मुलेनातवंडे खेळ विसरली नाहीत. लंडन आणि न्यूयॉर्क यांचे संघ आजही मेयोच्या कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत खेळतात, आणि मेयोला कधी रायस्लिपला तर कधी ब्राँक्सला जाऊन त्यांच्याशी दोन हात करावे लागतात. २०११ मध्ये लंडनने मेयोला जादा वेळेपर्यंत झुंजवले होते. ही लढत जवळपास घरातल्या घरातलीच.

पहिले वैभव १९३० च्या दशकात आले. १९३४ ते १९३९ सलग सहा वर्षे मेयोने राष्ट्रीय लीग जिंकली. १९३६ च्या अंतिम सामन्यात लीशचा ४-११ विरुद्ध ०-५ असा धुव्वा उडवला. कर्णधार शेमस ओमॅली शिक्षक होता. चषक घेऊन तो रातोरात घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गावर हजर झाला. त्याच संघातल्या हेन्री केनीचा मुलगा एन्डा पुढे आयर्लंडचा पंतप्रधान झाला.

दुसरा संघ भांडणातून घडला. १९४७ च्या सुमारास शॉन फ्लॅनगन, पॉड्रिग कार्नी आदी खेळाडूंनी काउंटी मंडळाला खरमरीत पत्र लिहिले. आम्ही घाम गाळतो आणि तुमच्या ढिसाळ कारभाराने सगळे वाया जाते, असा त्याचा रोख होता. मला हे पत्र एखाद्या चषकाइतकेच मोलाचे वाटते, कारण त्यानंतर परिस्थिती पालटली. १९४८ च्या अंतिम सामन्यात कॅव्हनकडून एका गुणाने हार झाली, ४-५ विरुद्ध ४-४. मग १९५० मध्ये लाउथवर आणि १९५१ मध्ये मीथवर (२-८ विरुद्ध ०-९) विजय. दोन्ही वर्षी कर्णधार होता फ्लॅनगन. हा बचावपटू पुढे मंत्री झाला. १९९९ मध्ये निवडलेल्या सहस्रकाच्या संघात मेयोचे दोघे आले, फ्लॅनगन आणि आघाडीचा टॉम लँगन. कार्नी डॉक्टर होता. १९५४ मध्ये तो अमेरिकेला गेला, पण लीगच्या उपांत्य सामन्यासाठी त्याला खास विमानाने बोलावून घेतले. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘उडता डॉक्टर’. पण प्रत्येकाला विमानाने परत आणता येत नाही. असे किती कार्नी बॉस्टन आणि मँचेस्टरच्या कारखान्यांत कायमचे राहून गेले असतील!

इथेच त्या शापाची दंतकथा येते. १९५१ चा विजयी संघ फॉक्सफर्ड गावातून जल्लोष करत जात असताना तिथे अंत्ययात्रा चालली होती. खेळाडू थांबले नाहीत म्हणून पाद्र्याने शाप दिला, या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो जिंकणार नाही, अशी ती कथा. संघातला शेवटचा जिवंत खेळाडू पॅडी प्रेन्डरगस्ट या गोष्टीला थोतांड म्हणत असे. सप्टेंबर २०२१ मध्ये तो वारला. वर्तमानपत्रांना ही कथा आवडते हे मी समजू शकतो. पण तिने खेळाडूंच्या कष्टांवर आणि त्यांच्या चुकांवर सारखाच पडदा टाकला, म्हणून मला तिचा राग येतो.

१९५१ नंतर अंतिम फेरी दिसायला अडतीस वर्षे लागली. १९८९ मध्ये जॉन ओमॅहनीच्या मार्गदर्शनाखाली संघ अंतिम सामन्यासाठी डब्लिनमधल्या क्रोक पार्क मैदानावर उतरला आणि कॉर्ककडून ०-१७ विरुद्ध १-११ असा हरला. १९९६ चा घाव जास्त खोल. मीथविरुद्ध मेयो सहा गुणांनी पुढे होता. शेवटी मीथच्या कॉल्म कॉयलने लांबून उंच फटका मारला, चेंडू गोलसमोर टप्पा घेऊन दांडीवरून गेला आणि सामना बरोबरीत सुटला. फेरसामन्यात सुरुवातीलाच दोन्ही संघांत हाणामारी झाली. मेयोचा लियम मॅकहेल आणि मीथचा कॉयल या दोघांना बाहेर काढले. मॅकहेल हा मेयोच्या मधल्या फळीचा आधार होता. मेयो एका गुणाने हरला. १९९७, २००४ आणि २००६ चे पराभव केरीने दिले, आणि शेवटचे दोन इतके एकतर्फी होते की त्यांवर रेंगाळण्यासारखे काही नाही.

खरा मोठा काळ २०११ नंतरचा. जेम्स होरन प्रशिक्षक झाला आणि मेयो देशातल्या सर्वांत तंदुरुस्त, सर्वांत निडर संघांपैकी एक बनला. दुर्दैवाने त्याच काळात डब्लिनचा इतिहासातला सर्वांत बलाढ्य संघ उभा होता. लाखोंची राजधानी, मोठे प्रायोजक आणि क्रोक पार्क म्हणजे जणू घरचेच अंगण. या डब्लिनला खऱ्या अर्थाने घाम फोडला तो मेयोने. २०१३ चा अंतिम सामना डब्लिनने एका गुणाने जिंकला. २०१६ च्या पहिल्या सामन्यात मेयोने स्वतःच्याच जाळ्यात दोन गोल केले, तरी भरपाईच्या वेळेत किलियन ओकॉनरने बरोबरी साधली. फेरसामना पुन्हा एका गुणाने गेला. २०१७ मध्ये मेयो नऊ सामने खेळून अंतिम फेरीत आला. दोन सामने जादा वेळेत गेले, दोनदा फेरसामने खेळावे लागले. अखेरच्या क्षणी डब्लिनचा डीन रॉक फ्री किक घ्यायला उभा असताना मेयोच्या ली कीगनने अंगावरचे जीपीएस यंत्र काढून त्याच्याकडे भिरकावले. हे नियमात बसत नाही, मी त्याचे समर्थन करत नाही. पण पराभव डोळ्यांसमोर दिसत असताना हाती लागेल त्याने तो अडवू पाहणारा माणूस मला त्यात दिसतो. रॉकने नेम साधला. १-१७ विरुद्ध १-१६. तीन अंतिम सामने डब्लिनकडून, आणि तिन्हींत अंतर एका गुणाचे.

किलियन ओकॉनरने २०१९ मध्ये केरीच्या कॉल्म कूपरला मागे टाकून स्पर्धेत सर्वाधिक गुण मिळवण्याचा विक्रम आपल्या नावावर केला, आणि २०२० च्या उपांत्य सामन्यात टिपरेरीविरुद्ध एकट्याने ४-९ मिळवले. तरी अंतिम सामना डब्लिननेच नेला, डिसेंबरमध्ये, महामारीमुळे रिकाम्या राहिलेल्या मैदानावर. मग १४ ऑगस्ट २०२१. सलग सहा वर्षांच्या विजेत्या डब्लिनला उपांत्य सामन्यात मेयोने मागून येऊन गाठले आणि जादा वेळेत ०-१७ विरुद्ध ०-१४ असे हरवले. एक साम्राज्य त्या संध्याकाळी संपले. महिनाभराने टिरोनने अंतिम सामन्यात मेयोला हरवले, हे खरे आहे. तरी डब्लिनचा घोडा अडवण्याचे काम केरी, टिरोन किंवा डोनेगलने केले नाही, ते मेयोने केले. चषकांच्या ज्या यादीत या विजयाला जागा नाही, त्या यादीवर मी फार विसंबणार नाही.

मेयो जिंकतच नाही असे म्हणणाऱ्यांना काउंटीच्या मुलींचा विसर पडतो. मेयोच्या महिला संघाने १९९९, २०००, २००२ आणि २००३ अशी चार अखिल आयर्लंड विजेतेपदे मिळवली. त्या संघाचा प्राण होती कार्नाकॉन गावची कोरा स्टॉन्टन. तेराव्या वर्षी ती काउंटीच्या संघात आली. १९९९ च्या अंतिम सामन्याच्या काही दिवस आधी तिचे गळपट्टीचे हाड मोडले होते. तरी ती मैदानात उतरली, सामना सुरू झाल्यावर लगेच तिला बाहेर घेतले आणि सहकाऱ्यांनी चषक आणला. पुढे वयाच्या छत्तिशीत ती ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या व्यावसायिक महिला फुटबॉल लीगमध्ये खेळली. मेयोतल्या कॅसलबारच्या रस्त्यांवर ‘मेयो फॉर सॅम’ च्या पाट्या पुरुषांच्या सॅम मॅग्वायर चषकासाठी लागतात. मुलींनी चार वेळा आणलेल्या चषकाचे कौतुक त्या मानाने फार थोडे झाले, ही मला या कहाणीतली सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते.

पुरुषांचे नेमके कुठे अडले? शाप बाजूला ठेवून सामने पाहिले की काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली म्हणजे सुरुवातीचे गोल. २००६ मध्ये केरीने पूर्वार्धातच फटाफट गोल चढवले. २०१२ मध्ये डोनेगलने पहिल्या अकरा मिनिटांत दोन गोल केले, तिथून परतणे अशक्य झाले. दुसरी म्हणजे गोलसमोरचा हुकमी खेळाडू. धावणारे, चेंडू हिसकावणारे, दुखत असताना लढणारे खेळाडू मेयोने भरपूर दिले. लँगनसारखा भीती वाटावी असा आघाडीवीर क्वचितच दिला. गुण हळूहळू जमवणाऱ्या संघाला एका क्षणात तीन गुण देणारा सामना परवडत नाही.

अँडी मोरन २०१३ च्या अंतिम सामन्यात मेयोचा कर्णधार होता, २०१६ आणि २०१७ च्या अंतिम सामन्यांतही खेळला, आणि २०१७ चा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. २०२५ मध्ये तोच मेयोचा प्रशिक्षक म्हणून नेमला गेला. एका गुणाने हरलेल्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत काय होते, हे त्याला कोणी सांगायला नको. त्याच्या हातात नवी फळी आहे, आणि लांबून दोन गुण देणारा नियम दूरवरून नेम साधणाऱ्यांच्या सोयीचा आहे.