खऱ्या नकलेची रुजुवात

जमिनीच्या जुन्या कागदाची नक्कल ज्यांनी कधी कचेरीतून मागविली असेल, त्यांनी तिच्या तळाशी दोन वेगवेगळ्या सह्या पाहिल्या असतील. एक नक्कल तयार करणाऱ्या कारकुनाची आणि दुसरी रुजुवात घेणाऱ्याची. माझे आजोबा तालुक्याच्या कचेरीत हे दुसरे काम करीत. एकाने मूळ दस्त मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवीत तो ऐकावा, अक्षर चुकले असेल तेथे खूण करावी, आणि शेवटच्या ओळीपर्यंत मुकाबला पुरा झाल्यावाचून ‘खरी नक्कल’ हा शिक्का कागदावर उमटू द्यावयाचा नाही, असा त्या कामाचा शिरस्ता होता. ज्या विद्येवर माझा उदरनिर्वाह चालतो ती त्यांच्या उमेदीच्या काळी जन्मासही आली नव्हती. परंतु अनेक यंत्रांवर पसरलेल्या शोध-क्लस्टरमधील माहितीचे जतन कसे करावे, आणि तिचा नाश झाल्यास ती पुन्हा पूर्वपदावर कशी आणावी, हा प्रश्न जेव्हा जेव्हा माझ्यापुढे येतो, तेव्हा तेव्हा मला त्या दुसऱ्या सहीची आठवण होते.

ग्रंथाच्या शेवटी जी शब्दसूची असते तिचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे शोधयंत्राचे निम्मे मर्म कळते. ग्रंथात पानांवर शब्द असतात. सूचीत हा क्रम उलटा होऊन शब्दापुढे पानांचे आकडे येतात. डग कटिंग या अमेरिकन अभियंत्याने १९९९ साली लिहिलेली ल्यूसीन ही प्रणाली अशी उलटी सूची मोठ्या कौशल्याने बांधते. शे बॅनन हा इस्रायली अभियंता, पत्नी लंडनमध्ये पाकशास्त्राचे शिक्षण घेत असता, तिला पाककृती शोधण्याची सोय करून द्यावी या हेतूने ल्यूसीनकडे वळला, आणि त्या उद्योगाची परिणती होऊन २०१० साली इलॅस्टिकसर्च जगापुढे आले. एका यंत्रात न मावणाऱ्या सूचीचे तुकडे पाडून ते निरनिराळ्या यंत्रांवर ठेवावयाचे, आणि विचारणाऱ्याला मात्र ती सूची एकसंध भासावी असा बंदोबस्त राखावयाचा, हे त्याचे वैशिष्ट्य. या तुकड्याला शार्ड म्हणतात, यंत्राला नोड म्हणतात आणि एकविचाराने वागणाऱ्या नोडांच्या समुदायाला क्लस्टर. कोणता दस्तऐवज कोणत्या शार्डात जाईल हे, त्याच्या ओळखचिन्हावरून काढलेल्या एका संख्येला शार्डांच्या संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवरून ठरते.

प्रत्येक शार्डाची एक किंवा अधिक प्रतिरूपे दुसऱ्या नोडांवर ठेवण्याची सोय इलॅस्टिकसर्चमध्ये आहे, आणि येथेच पुष्कळांचा समज चुकतो. एखादे यंत्र बंद पडले की दुसऱ्या यंत्रावरील प्रतिरूप तत्काळ मूळ शार्डाची जागा घेते, काम अखंड चालू राहते, आणि हे पाहून सांभाळणाऱ्याला वाटते की आपली माहिती सुरक्षित आहे. परंतु प्रतिरूप ही आरशातील आकृती आहे. मूळ पुसले की तीही पुसली जाते. जानेवारी २०१७ मध्ये, परवलीच्या शब्दावाचून इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो इलॅस्टिकसर्च क्लस्टर लुटारूंनी रिकामे केले आणि माहितीच्या जागी ०.२ बिटकॉइन खंडणीची चिठ्ठी ठेवली. पुसण्याची आज्ञा रीतसर दाराने आली होती, आणि प्रत्येक प्रतिरूपाने ती इमानाने पाळली. यंत्र मोडण्यापासून प्रतिरूप वाचविते. आज्ञा चुकण्यापासून किंवा शत्रूच्या हाती पडण्यापासून वाचवावयाचे तर कालची स्थिती आजच्या आज्ञेच्या आवाक्याबाहेर, निराळ्या ठिकाणी जपलेली असावी लागते.

मग ज्या निर्देशिकेत नोड आपल्या फायली ठेवतो तीच उचलून दुसरीकडे का ठेवू नये, असे कोणीही विचारील. याचे उत्तर आपल्या पेढीवरच्या जुन्या हिशेबपद्धतीत सापडते. दुकानातील प्रत्येक व्यवहार आधी कीर्दीत टिपला जातो आणि सवडीने खतावणीत चढतो. ज्याने केवळ खतावणी पळविली त्याच्या हाती अपुरा हिशेब येतो, आणि कारकून पान लिहीत असता ज्याने दोन्ही वह्या ओढल्या त्याच्या हाती परस्परविसंगत हिशेब येतो. शार्डाचीही अशीच एक कीर्द असते, तिला ट्रान्सलॉग म्हणतात. आणि सेगमेंट नावाच्या फायली ही तिची खतावणी. त्यातून, एका नोडाची निर्देशिका पहाटे दोनला आणि दुसऱ्याची अडीचला उचलली तर क्लस्टरच्या स्थितीविषयी त्या दोघी निरनिराळी साक्ष देतील. म्हणून चालू नोडांच्या फायलींची परस्पर घेतलेली प्रत ग्राह्य नाही, असे निर्मात्यांनी स्पष्ट बजावले आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या १.० या आवृत्तीत स्नॅपशॉटची, म्हणजे चालू क्लस्टरची त्या क्षणीची नक्कल घेण्याची, योजना दाखल झाली, तेव्हा कोठे या कामाला राजमार्ग मिळाला.

या योजनेचे सौंदर्य एका साध्या नियमावर उभे आहे, आणि त्याविषयी लिहिताना मला अजूनही आनंद होतो. ल्यूसीनचा सेगमेंट एकदा लिहून पुरा झाला की त्यात पुन्हा कधीही खाडाखोड होत नाही. नवा मजकूर आला तर नवा सेगमेंट होतो. जुना दस्तऐवज काढून टाकला तर ‘हा आता बाद’ एवढी नोंद वेगळ्या फायलीत होते. आणि लहान सेगमेंट फार साचले की त्यांचे एकत्रीकरण होऊन मोठा सेगमेंट तयार होतो व मग जुने गळून पडतात. जे बदलत नाही त्याची नक्कल घेण्यास काम थांबवावे लागत नाही! स्नॅपशॉटची आज्ञा मिळताच मुख्य नोड कामाची वाटणी करतो, आणि ज्या ज्या नोडावर मूळ शार्ड असेल तो तो नोड त्या क्षणीच्या सेगमेंट-फायली रिपॉझिटरीत, म्हणजे या कामी नेमून दिलेल्या भांडारात, स्वतः नेऊन ठेवतो. पहिल्या खेपेस सर्व फायली जातात. दुसऱ्या खेपेपासून भांडारात नसलेल्या तेवढ्याच. तरीही प्रत्येक स्नॅपशॉट आपल्या परीने पूर्ण असतो. सोमवारचा पुसला म्हणून मंगळवारचा लंगडा होत नाही, कारण ज्या फायलीवर दुसऱ्या कोणत्याही स्नॅपशॉटचा हक्क उरलेला नाही तेवढीच फाईल भांडारातून निघून जाते. अर्थात हा हिशेब इलॅस्टिकसर्चच ठेवते. भांडारातील फायली जुन्या दिसतात म्हणून कोणी हाताने साफ करू लागला तर सारे दप्तर क्षणात निकामी होईल. तसेच एका भांडारात एकाच क्लस्टरने लिहावे, इतरांनी ते केवळ वाचण्यापुरते जोडून घ्यावे, हाही दंडक मोडण्याजोगा नाही.

भांडार कोठे असावे? सर्व नोडांना दिसणारी सामाईक डिस्क चालते; ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांची मेघ-भांडारेही चालतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरची एक पाच मजली इमारत जळून गेली, तेव्हा मूळ आणि नक्कल एकाच आवारात ठेवलेल्या ग्राहकांचे दोन्ही एका रात्रीत गेले. अंतर हेही संरक्षणच आहे.

आता पुनःस्थापनेकडे वळतो, कारण खरी कसोटी तेथे आहे. स्नॅपशॉटमधील इंडेक्सच्या, म्हणजे शार्डांत विभागलेल्या सूचीच्या, नावाचाच इंडेक्स क्लस्टरमध्ये उघडा असेल तर त्यावर स्नॅपशॉट उतरविता येत नाही. तो बंद करावा, पुसावा, किंवा नवा इंडेक्स निराळ्या नावाने उतरवावा. हा तिसरा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवून पडताळता येते. शार्डांची संख्या मात्र पुनःस्थापनेत बदलता येत नाही; भाजक बदलला की बाकी बदलते, आणि प्रत्येक दस्तऐवजाचा पत्ताच चुकतो. आवृत्तीचेही बंधन आहे: क्लस्टर साधारणतः आपल्या आणि लगतच्या मागील प्रमुख आवृत्तीत निर्माण झालेले इंडेक्स स्वीकारतो, त्याहून जुने नित्याच्या रीतीने नाहीत, म्हणून दहा वर्षांपूर्वीचा स्नॅपशॉट कपाटात आहे एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. वेळेचाही अंदाज आधी बांधावा. मूळ संरचनेत एका नोडामागे सेकंदाला ४० मेगाबाइट अशी मर्यादा घातलेली असते. एका नोडावरचा १ टेराबाइट मजकूर या गतीने उतरण्यास सुमारे ७ तास लागतात, आणि संकटाच्या रात्री हे गणित प्रथमच मांडण्याची पाळी कोणावर येऊ नये.

स्वतःचा एक अनुभव सांगतो. जुन्या मराठी नियतकालिकांची पाने संगणकावर आणून ती वाचकांना शोधता यावीत असे एका संस्थेचे काम आम्ही काही जण पाहत होतो. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पानांत ‘गांव’, ‘पांच’, ‘केव्हां’ असते आणि आजचा वाचक ‘गाव’, ‘पाच’, ‘केव्हा’ लिहून शोधतो. या दोन रूपांची सांगड घालणारी पर्यायांची एक यादी आम्ही कष्टाने जमविली होती, आणि ती प्रत्येक नोडाच्या संरचना-निर्देशिकेत फाईल म्हणून ठेवली होती. यंत्रे बदलण्याची वेळ आली. रोजचे स्नॅपशॉट यशस्वी झाल्याचे दाखले हाती होते, म्हणून जुनी यंत्रे परत करून आम्ही नव्या क्लस्टरवर पुनःस्थापना सुरू केली. आणि ती मधेच अडली, कारण इंडेक्स ज्या यादीचे नाव घेत होता ती फाईल तेथे नव्हती. स्नॅपशॉटमध्ये इंडेक्स असतात आणि सांगितल्यास क्लस्टरची काही सामाईक स्थितीही असते. परंतु नोडाच्या निर्देशिकेतील संरचना-फायली, गुप्त किल्ल्यांची पेटी आणि बाहेरून बसविलेली प्लगिने ही त्यात नसतात. एका सहकाऱ्याच्या पेनड्राइव्हवर यादीची बरीच जुनी प्रत सापडली, तीवर काम भागविले. क्लस्टरचा दिवा हिरवा झाला, दस्तऐवजांची मोजदाद तंतोतंत जुळली, आणि आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी एका वयोवृद्ध अभ्यासकाचा दूरध्वनी आला. महिन्यापूर्वी ज्या शब्दावर त्यांना अनेक लेख मिळाले होते त्यावर आता मोजकेच मिळत होते. एकही पान हरवलेले नव्हते. त्या पानांपर्यंत नेणारी वाट हरवली होती. आम्ही कागद मोजले होते, वाचले नव्हते. आजोबांच्या शब्दांत सांगायचे तर मोजदाद झाली होती, रुजुवात झाली नव्हती. आणि शोधयंत्राची रुजुवात दस्तऐवजांच्या संख्येवर होत नाही, ती उत्तरांवर होते, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात पक्की बसली आहे.

याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर हाच धडा गिटलॅब या कंपनीला ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री मिळाला. तेथे शोध-क्लस्टर नव्हे, पोस्टग्रेसचा डेटाबेस होता. एका अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर निर्देशिका पुसण्याची आज्ञा दिली आणि सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली. जतनाचे एकूण पाच मार्ग योजलेले होते, पण वेळेवर एकही धड उपयोगी पडला नाही. रोजची नक्कल घेणारे साधन डेटाबेसहून जुन्या आवृत्तीचे असल्याने केव्हाच निष्फळ होत होते, आणि त्या अपयशाची सूचना देणारी पत्रे टपालयंत्रणेने नाकारली होती. सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत योगायोगाने शिल्लक होती. तीवर सेवा उभी राहिली, पण मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या. कंपनीने हा सारा वृत्तांत लपवून न ठेवता प्रसिद्ध केला, याबद्दल या व्यवसायातील प्रत्येकाने तिचे ऋणी असले पाहिजे.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक रिकामा क्लस्टर उभा करतात. संरचना-फायली आणि ती पर्यायांची यादी वेगळ्या भांडारातून, तारखेसह येते. भांडार वाचण्यापुरते जोडतात, ताजा स्नॅपशॉट निराळ्या नावाने उतरवितात, आणि मग चाळीस ठरलेले प्रश्न चालत्या क्लस्टरला व नव्याला एकामागून एक विचारले जातात. त्या चाळिसांतला पहिला प्रश्न ‘गाव’ हा आहे. एक जण उत्तरे मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावर बोट ठेवून ऐकतो, आणि चाळिसावे उत्तर जुळल्यावर वहीत दोघांच्या सह्या होतात.